सव्वा मूठ गहू

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. माझे सासरे गेले तेव्हा गावाने त्या म्हशीची डेअरीच काढली. गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या दिवशी मांडवाच्या तोंडाशी भलामोठा बॅनर लागला होता: ‘कै. निंबा तोताराम बोरसे, कष्टाचा महामेरू’. मधोमध आबांचा फेटा बांधलेला फोटो आणि खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे हात जोडलेले चेहरे. त्यातल्या निम्म्यांना आबांनी हयातीत कधी ओट्यावर बसू दिलं नव्हतं. रिकामा माणूस दारात दिसला की ते काठी आपटायचे. आता तेच रिकामे लोक माईक धरून त्यांच्या कष्टांवर बोलत होते. शेवटी कुणीतरी माईक माझ्यापुढे केला. “मास्तरीणबाई, सून म्हणून तुम्ही दोन शब्द.” मी मान हलवली. लोकांना वाटलं, सुनेचा कंठ दाटून आला. कंठ वगैरे काही दाटला नव्हता. तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांवर थांबलं नसतं, एवढंच. ते राहिलेले शब्द आज लिहिते.

आबा कष्टाळू होते, हे खरं आहे. त्यात खोट काढायला गेले तर माझीच जीभ झडेल. शिंदखेड्याच्या बाजूला आमचं गाव. वाटणीत काळी जमीन थोरल्या घराला गेली आणि आबांच्या वाट्याला आला टेकडीच्या पोटातला बरड, नुसता दगड. आबांनी पहार घेतली आणि तो दगड काढला. काढलेल्या दगडांचे बांध घातले, बांधांआड गाळ धरला आणि त्यात मिरची लावली. विहीर स्वतः खणली. लोक सांगतात, दोंडाईच्याच्या बाजारात निंबा बोरसेच्या मिरचीचा ठसका लांबूनच ओळखू यायचा. ऐंशी ओलांडेपर्यंत ते उजाडायच्या आत शेतात असत. ताप आला तर तापासकट जात. हे सगळं मी पाहिलेलं आहे आणि मानते.

पण गंमत अशी, की आबांच्या कष्टांची जी जी गोष्ट गाव सांगतं, तिच्यातून एक माणूस हमखास गाळलेलं असतं. आबांनी बरड फोडला. मग फोडलेले दगड टोपल्यातून डोक्यावर कोणी वाहिले? आबांनी मिरची पिकवली. मग तोडली कोणी, वाळवली कोणी, देठ कोणी खुडले? त्या दिवशी मांडवात सरपंच गहिवरून म्हणाले, “बायको गेली त्या दिवशीसुद्धा निंबाआबांनी पाण्याची पाळी चुकवली नाही!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. गंधमुक्तीत टाळ्या! खरी गोष्ट अशी, की माझ्या सासूबाईंना, भिकुबाईंना, अग्नी देऊन आल्यावर आबा बांधावर जाऊन बसले, आणि वाफ्यावाफ्यात पाणी फिरवलं त्यांच्या लेकीने. जिची आई तासाभरापूर्वी जळली होती, ती चिखलात उभी राहून रडत पाणी भरत होती आणि बाप वरून सांगत होता, “त्या सऱ्या कोरड्या ऱ्हायन्यात.” गावाच्या गोष्टीत ती लेक नाहीच.

ती लेक म्हणजे माझी नणंद, बेबाबाई. आम्ही सगळे अक्का म्हणतो.

अक्कांचं लग्न अगदी कोवळ्या वयात धरणगावकडच्या एका घरात झालं होतं. नवऱ्याने आधीच दुसरी बाई ठेवली होती. हे आबांना ठाऊक होतं की नव्हतं, यावर घरात आजही कोणी बोलत नाही. दोन पावसाळे तिथे मार खाऊन अक्का एका सकाळी एसटीने परत आल्या. हातात पिशवीसुद्धा नव्हती. आबांनी दारातच विचारलं, “कितला दिवस?”  आणि उत्तराची वाट न बघता म्हणाले, “काम करशी तं ऱ्हाय.” याचंही गावाला कौतुक. म्हणे त्या काळात परत आलेल्या लेकीला बापाने थारा दिला. थारा! बिनपगारी गडी मिळाला तर कोण थारा देणार नाही? अक्का राहिल्या त्या आजतागायत. मिरचीने त्यांच्या बोटांची सालं इतक्या वेळा निघाली, की आधार कार्ड काढायला गेलो तेव्हा मशीन त्यांचे ठसे घेईना. ऑपरेटर पोरगा वैतागून म्हणाला, “मावशी, तुम्हाला रेषाच नाहीत.” अक्का हसल्या. मला मात्र कुणाच्या तरी थोबाडीत मारावीशी वाटली.

आता रोटांचं सांगते, कारण माझं भांडण तिथलं आहे.

आमच्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. आदल्या दिवशी भाऊबंद जमतात आणि घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. एक मूठ भरून आणि वर चिमटभर. त्या गव्हाच्या पिठाचे पुरण भरून जाडजूड रोट करतात. हा प्रसाद बाहेरच्याला देत नाहीत. शेजाऱ्याला नाही, जावयाला नाही आणि लग्न करून दिलेल्या लेकीलाही नाही. रोट खाऊन हात ताटातच धुवायचे आणि ते पाणीसुद्धा खड्ड्यात पुरायचं. सून खाते, कारण ती घरची झाली. लेक खात नाही, कारण ती दुसऱ्या घरची झाली. तिने तिच्या सासरचा रोट खावा. तुम्ही कुठले, हे आमच्याकडे रोटावरून ठरतं.

मग अक्का कुठल्या? सासरच्यांनी त्यांचं नाव कधीच टाकलेलं. आणि माहेरी? परत आल्या त्या वर्षी अक्कांनी पहाटेपासून पीठ मळलं, रोट भाजले आणि सगळ्यांची ताटं वाढून शेवटी स्वतः पंगतीत बसल्या. आबांनी उठून त्यांच्यापुढचं ताट उचललं. “ऊठ. दिधेल पोर परघरनी. रोट तुना नही.” सासूबाईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज इतका खाली गेला होता, की मी जवळ सरकून ऐकलं. त्या दिवसापासून दर कानबाईला अक्का सगळ्यांसाठी रोट करायच्या आणि स्वतः मागच्या पडवीत भाकरी अन् मिरचीचा ठेचा घेऊन बसायच्या.

मी लग्न होऊन आले त्या श्रावणात मला पहिला रोट वाढला गेला. हळदीचे हात अजून पिवळे होते, घरातली भांडी कुठे ठेवतात तेही ठाऊक नव्हतं, पण मी घरची! मी सहज विचारलं, “अक्का नाही बसत?”  सासूबाईंनी माझ्या ताटात तूप ओतलं, इतकं की रोट बुडाला. त्या घरात गप्प बसवायची रीत ती होती.

पुढे नवरा म्हणाला, “अगं, बाप आहे तो, त्याच्यापुढे कोण बोलणार?” माझा नवरा ललित भला माणूस आहे, पण बापासमोर त्याचा पार भिजलेला पापड व्हायचा. आम्ही शिंदखेड्याला राहतो. त्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, माझी शाळा आहे. गावच्या घरात आबा आणि अक्का, दोघंच. आम्ही रविवारी जायचो, ताजी भाजी घेऊन यायचो आणि लोक म्हणायचे, मुलगा-सून किती करतात हो!

गहू काढायचा मान आबांचा. तो त्यांनी कसा मिळवला, ते वनानानांनी मला कितीदा सांगितलं असेल. वनानाना आबांचे चुलतभाऊ, थोरल्या घरचे, त्यामुळे मूठ खरी त्यांची. तरुणपणी एका श्रावणात ते तापाने पडले आणि त्या एका वर्षापुरते गहू आबांनी काढले. पुढच्या वर्षी नाना पाटावर बसायला गेले तर आबांनी त्यांचा हात धरला. “मूठ पडनी ती पडनी. हात जित्ता शे तठलगून बदलाव नही.” ज्याच्या हाताने एकदा गहू पडला, तो हात जिवंत आहे तोवर मूठ त्याचीच. असा नियम कोणाच्या बापजाद्याने केला होता? आबांनी तो तिथेच, पाटावर बसल्या बसल्या केला. पण ते इतक्या ठासून बोलले, की सगळ्यांना वाटलं, असेल बुवा पूर्वीपासूनचा. वनानाना मुकाट्याने मागे सरकले. कानबाई एकत्रच करत राहिले, पण तो सल त्यांनी उभा जन्म उराशी धरून ठेवला.

मग आबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं जडावलं. सुंभ जळाला, पीळ कसला जातोय! खाटेवरून डाव्या हाताने काठी आपटून अक्कांना हाका मारायचे. अक्का त्यांना उठवायच्या, धुवायच्या, भरवायच्या. घास जरा गरम असला की आबा तो थुंकायचे आणि अक्का पदराने त्यांची हनुवटी पुसायच्या. शेतही त्याच बघत होत्या. आता आबा बांधावर बसत नव्हते, एवढाच फरक.

त्या वर्षी कानबाई आली. भाऊबंद जमले. आबांना उचलून पाटावर बसवलं आणि पुढे गव्हाचं सूप ठेवलं. त्यांनी उजवा हात डाव्याने उचलून गव्हात टाकला. बोटं मिटेनात. गहू खाली ओघळला. पुन्हा टाकला, पुन्हा ओघळला. डाव्या हाताने देवीचा गहू काढत नाहीत. सगळे बघत होते. तेव्हा ललित पुढे झाला आणि हळूच म्हणाला, “आबा, मी काढू का?”

आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो जागीच थांबला. मला लगेच कळलं. ललितचा हात एकदा गव्हात पडला की मूठ ललितची, हा त्यांचाच नियम. म्हणजे जिवंतपणी कर्तेपण सोडायचं. ते आबा कसले सोडतात! त्यांनी काठी आपटली. “बेबा. आठे ये.”

अक्का स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या. आबांनी डाव्या हाताने त्यांचं मनगट पकडलं आणि गव्हात खुपसलं. “काढ.”

वनानाना भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, “हाई कसं रे निंबा? पोरनी मूठ?”

“तिना हात म्हंजे पळी शे,” आबा जडावलेल्या जिभेने म्हणाले. “पळीले काय नाव ऱ्हास?”

पळी. पातेल्यातलं वाढायची पळी. अक्कांनी खाली मान घालून गहू काढला. वनानानांच्या नावाची सव्वा मूठ, त्यांच्या मुलांची, ललितची, माझ्या लेकाची, हितेशची आणि शेवटी आबांची. सूप बाजूला करायला त्या उठल्या तशी मी मध्ये उभी राहिले.

“आबा, आता एक मूठ अक्कांची.”

ललितने माझा पदर ओढला. मी तो सोडवून घेतला.

“ती पाव्हनी शे,” आबा म्हणाले.

त्या शब्दाने माझं डोकं फिरलं. “पाहुणी? तुमचं गू-मूत काढते ती पाहुणी? तुमचं निम्मं शेत तिच्या डोक्यावरून वाहिलेल्या दगडांवर उभं आहे, आबा! सगळा बरड उचललात म्हणता, मग लेकीच्या नावाने मूठभर गहू उचलवत नाही तुमच्याने?”

सासऱ्याशी असं बोललेलं त्या घराने कधी ऐकलं नव्हतं.  आबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मान भिंतीकडे वळवली आणि काठीने सूप आत ढकललं. अक्का माझ्या कानाशी म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे वं पुनम. सवय व्हई गयी.” दुसऱ्या दिवशी पंगतीत मी रोट खाल्ला नाही. पडवीत अक्कांशेजारी बसून भाकरी खाल्ली. वनानाना जाताना पडवीपाशी थांबले, अक्कांच्या हाताकडे बघत राहिले आणि निघून गेले.

मार्गशीर्षात आबा गेले. जाताना त्यांनी लेकीचं नाव घेतलं असं लिहायला मला आवडलं असतं, पण खोटं कशाला लिहू? ते म्हणाले, “मोटर बंद कयी का?” गावात लाईट दुपारपासूनच नव्हती. अक्का म्हणाल्या, “कयी, आबा.” बस्स. तेवढंच.

पुढचा श्रावण वर्षाच्या आतला, म्हणून कानबाई बसली नाही. त्यानंतरच्या श्रावणात बसली. भाऊबंद जमले. भिंतीवर बॅनरवालाच फोटो, फेटा बांधलेला. ललित आंघोळ करून, कपाळाला गंध लावून पाटावर बसला. आदल्या रात्री मी त्याला शपथ घातली होती, की अक्कांची मूठ काढायचीच. तो हो म्हणाला होता, पण त्या ‘हो’चा आवाज मला ओळखीचा होता. वनानानांचे मुलगे समोर बसले होते आणि ललितने त्यांच्याकडे दोनदा पाहिलं. मला कळून चुकलं, हा आता फोटोतल्या बापालाही घाबरणार.

त्याने गव्हाकडे हात नेला. तोच वनानानांची काठी सुपावर आडवी आली.

“थांब, ललित. मांगली मूठ कोनी व्हती?”

“आबांची,” ललित म्हणाला.

“निंबाना हात तं लाकूड व्हयेल व्हता. गहू कोना हातमाईन पडनात?”

 नानांनी बसलेल्या सगळ्यांवरून काठी फिरवत स्वतःच उत्तर दिलं. “बेबाना. बठ्ठासनी देखेल शे. मूठ पडनी ती पडनी, हात जित्ता शे तठलगून बदलाव नही. निंबाना नियम शे, मना नही.”

नानांचा मोठा मुलगा कुरकुरला, “बाबा, बाईमाणसाची मूठ कुठे असती का?” नानांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. तो नियम त्यांनी तरुणपणापासून गिळून ठेवला होता, आज तो बाहेर काढताना ते कोणाचं ऐकणार होते? मी पुढे होऊन ललितला म्हटलं, “उठा.” तो उठला. खरं सांगते, तो सुटल्यासारखा उठला.

अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हाताला डाळ लागलेली. “मी? मी कसी, नाना?”

“ये मुकाट,” नाना म्हणाले. “माले तुनं कवतिक नही, बेबा. त्याना नियम त्यालेच खावाडना व्हता.”

नानांना अक्कांचा कळवळा आला असेल अशी भाबडी आशा कोणी करू नये. इतकी वर्षं तेही त्याच पंगतीत रोट खात बसले होते, अक्का पडवीत असताना. चांगुलपणाने जे झालं नाही, ते खुन्नशीने झालं. मला काय त्याचं! मी नानांच्या पाया पडले.

अक्कांनी हात धुतले आणि पाटावर बसल्या. गव्हात हात घातला. वनानानांची मूठ काढली, चिमूट टाकली. नानांच्या मुलांची काढली. ललितची, हितेशची. मग हात गव्हातच राहिला. आता कोणाचं नाव उरलं नव्हतं. मी तोंड उघडणार होते, पण माझं मलाच कळलं, की ही मूठ मी मागून उपयोग नाही. अक्कांनी वर फोटोकडे पाहिलं.  मग त्यांनी मूठ भरली आणि शाळेत हजेरी देतात तशा मोठ्याने म्हणाल्या, “बेबाबाई निंबा बोरसे.” वर चिमूट टाकली आणि हात झटकला.

नवऱ्याचं नाव नाही, त्याचं आडनावही नाही. लग्नाआधीचं, बापाचं नाव.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. त्या दिवशी रोट मी भाजले. अक्कांना मी चुलीपाशी येऊ दिलं नाही आणि दोन रोट करपवलेही. पहिलं ताट त्यांना वाढलं, वर तूप, शेजारी खीर. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी तुकडा मोडला, तोंडात घातला आणि सावकाश चावत राहिल्या. मला वाटलं, आता रडतील. मी रडायच्या तयारीतच होते.

अक्कांनी घास गिळला. ताटातल्या रोटाकडे पाहिलं, उलटून त्याची खालची बाजू पाहिली आणि माझ्याकडे मान वर करून विचारलं, “यामा काय व्हतं वं पुनम? नुस्ता गहूच शे ना.”

  अक्कांनी उरलेला रोट शांतपणे संपवला, ताटात हात धुतले आणि ते पाणी पुरायला स्वतःच उठल्या.